नको म्हणायला शिकलेला माणूस

आमच्या ह्यांना लकवा मारला त्याला आता दोन वर्षं होतील. डावा हात आणि डावा पाय लुळा पडला. पौडला एक डॉक्टरीणबाई अशा पेशंटांचा दर गुरुवारी वर्ग घेतात. वजन, व्यायाम, खाणंपिणं, सगळं. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, वजन उतरवा, न्हाईतर दुसरा झटका येईल आणि त्यातून उठणं अवघड.

मग मी घरात पोलीस झाले. मीठ बेताचं, तळलेलं बंद, भात अर्धी वाटी. जन्मभर भातावर पोसलेल्या माणसाला ही शिक्षाच, पण कुरकुरत का होईना, खायचे बिचारे. रोज सकाळी काठी टेकत आमच्या माले गावभर फिरून यायचे. आणि वजन? वाढलं की!

शेवटी एक दिवस मी पाठोपाठ गेले. तर फिरणं कसलं, दारोदार चहापान चाललेलं! सगळी भावकीच, आजारी माणूस दारावरून तसाच गेला तर बायांना चैन पडत न्हाई. प्रत्येक घरी गोडमिट्ट चहा, वर बिस्किटं. घरी आणून मी जो तोंडाचा पट्टा सोडला, विचारू नका. लोकांना वाईट वाटंल म्हणून तुमी पिताय, आन् मागं रडायचं मी?

दुसऱ्या दिवसापासून हे शिवाराकडच्या रस्त्यानं जायला लागले, तिकडं घरंच नाहीत. हळूहळू काटा खाली यायला लागला.

मग आली गावची जत्रा. पंगतीत थोरले दीर वाढत होते. थोरल्या भावाला नको म्हणायची आमच्याकडं रीत नाही, आणि दीर तर आग्रहाला खमके. मटणाचं पातेलं घेऊन ते दुसऱ्यांदा ह्यांच्यापुढं वाकले. मी भाकरी वाढायची थांबले.

ह्यांचा उजवा हात खरकटा. डावा मांडीवरनं सावकाश उठला, थरथरत पुढं आला आणि पत्रावळीवर आडवा झाला.

"दादा, बास. मला अजून जगायचं हाय."

दीर पातेलं घेऊन पुढच्या पानाकडं सरकले. शेजारी जाऊबाई उभ्या होत्या. मी चारचौघांत कधी बोलले नव्हते, ते त्यांना मोठ्यानं म्हणाले, "बगा जाऊबाई, माझा नवरा हाय त्यो."