एकदाच नेसलेले लहरिया

आज ट्रंक उघडली, तेव्हा डांबराच्या गोळ्यांच्या वासाबरोबर तळाचे लाटांसारख्या रेघांचे पिवळे-तांबडे लहरिया पातळ वर आले.

ऐंशीच्या दशकात आम्ही जयपूरला तिलक नगरात राहत होतो. सैन्यातला माझा मुलगा वारून वर्ष उलटले होते. श्रावणात शेजारच्या राजस्थानी बाईंनी सूनबाईला हे पातळ दिले.

"अण्णा, नेसू?" तिने भीत भीत विचारले.

"अवश्य नेस. रंग देवानेच निर्मिले आहेत."

त्या दिवशी घरी सत्यनारायण होता. मी पोथी उघडत होतो, तोच पैठणी नेसलेल्या एक परिचित काकू तिला म्हणाल्या, "अगं, हे काय नेसलीस? कपड्यांवरून घरचे संस्कार कळतात हो!"

"मीच नेसायला सांगितले," मी म्हणालो.

"तुम्ही पडलात साधे, अण्णा!"

बायका हसल्या. सूनबाई आत गेली आणि पांढरे पातळ नेसून आली.

"आता कशी शोभतेस!" तिच्याच हातून प्रसाद घेत काकू म्हणाल्या.

निघताना त्या माझ्या पायांशी वाकल्या. पूजा सांगणाऱ्याने आशीर्वाद नाकारू नये, म्हणून मी म्हणालो, "अखंड सौभाग्यवती भव." जन्मभर उच्चारलेल्या आशीर्वादांपैकी तेवढा एकच अजून जिभेला कडू लागतो.