मोरीतल्या सात करवती

देवा, तुझं नाव घेऊन वही उघडली, पण आज लिहायचंय ते घाणीबद्दलच.

आमच्या ह्यांनी तीस वर्षं कचेरीत फायली बांधल्या. घरात खिळा ठोकायचा तोही मीच. निवृत्त झाले आणि कुणाच्या तरी अडगळीतून झाडं कापायची मोडकी चेनसॉ उचलून आणली. बघता बघता सात झाल्या. सगळ्या मोरीत. अंघोळीच्या बादलीत साखळ्या भिजतात, दुधाच्या पातेल्यात कार्बोरेटर धुतात. नळीत पेट्रोल चढेना म्हणून तोंडाने ओढतात, पचकन थुंकतात आणि त्याच तोंडाने प्रार्थनेला बसतात. शिसारी येते नुसती.

एवढा उपद्व्याप, पण मागचं वाळकं झाड तीन वर्षं तसंच. बरोबर माझ्या धुण्याच्या दोरीवर वाकलेलं. रोज जीव मुठीत धरून कपडे वाळत घालते. "अजून एकही तयार नाही गं," हे ह्यांचं पालुपद. शेवटी मी निर्वाणीचं सांगितलं, "रविवारी दुपारपर्यंत झाड पडलं नाही, तर सातही भंगारात." हे "बरं" म्हणाले, पण रात्री जेवले नाहीत.

आज रविवार. भंगारवाला हातगाडी घेऊन हजर. ह्यांनी एका चेनसॉची दोरी ओढली. दहाव्या झटक्याला यंत्र खोकलं आणि सुरू झालं. बुंध्याला टेकवलं, तर नुसता धूर. लाकूड काळं पडलं, कापायचं नाव नाही.

"काका, झाडाला धुरी देताय का?" भंगारवाला म्हणाला.

ह्यांनी यंत्र बंद केलं. मान खाली, नाकावरून घाम ठिबकतोय.

मी पदर नाकाला लावून जवळ गेले, आणि दिसलं. साखळीचे दात उलटीकडे तोंड करून होते. किसणी उलटी धरली की गाजर घसरतं, किसलं जात नाही, तसंच. माझी चाळीस वर्षं स्वयंपाकघरात गेलीत, मला कळणार नाही? गप्प बसले असते तर मोरी मोकळी झाली असती. कुणाला कळलंही नसतं, एका तुझ्याशिवाय.

"अहो, साखळी उलटी बसलीय."

"काहीतरीच! मी स्वतः बसवलीय."

"म्हणूनच म्हणते."

सुलटी बसवताना साखळीखालची ती काळी, चिकट पट्टी मलाच धरावी लागली. मग मात्र भुसा उडाला, तो थेट माझ्या केसांत. झाड पडलं आणि माझी धुण्याची दोरी खांबासकट घेऊन गेलं.

"वा काका!" भंगारवाल्याने गाडीवरचं चेनसॉचं एक गंजकं धूड खाली ठेवलं. "ही घ्या, तुमचा हात बघून फुकट."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अंगणातच ठेवतो गं."

आता ती मोरीत आहे. मी तीनदा साबण लावलाय, तरी हात जोडले की तोच वास. चौथ्यांदा धुऊन येते, मग प्रार्थनेला बसते.