केवाच्या घरची ज्वारी

सोमीचा नवरा शेजारणीकडे जेवायला जाऊ लागला, त्याला कारण दवाखान्यातल्या नर्सबाई. म्हणजे त्यांनी काही तसं सांगितलं नव्हतं. तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला मानाने आमा म्हणतात; तोकानला त्या एवढंच म्हणाल्या, "आमा तोकान, तुमची साखर फार वाढलीय. पांढरा भात सोडा. पूर्वी खायचात तशी ज्वारी खा, मका खा. कोंड्यासकट खा."

सोमीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अदोनारा बेटावरच्या त्या डोंगरउतारावर रोज दोन वेळा पांढरा भात शिजवणारी घरं मोजकी, आणि त्यात तिचं एक. ते तिला सुखासुखी मिळालेलं नव्हतं. लहानपणी तिने मक्याचे गरम दाणे खापरातून बोटांनी उचलून दगडाने चेपले होते. तिच्या लग्नात माहेरच्यांनी वऱ्हाडाला तोच चेपलेला मका वाढला, तेव्हा सासरच्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. ते हसू तिच्या मनातून कधी गेलं नाही. पुढे मुलगा समुद्रापलीकडे सबाहला पाम तेलाच्या मळ्यात कामाला लागला आणि घरात तांदळाची पोती येऊ लागली. मग ज्वारी-मक्याला तिने उंबरा ओलांडू दिला नाही.

"मला थोडी ज्वारी शिजवून घालशील का?" तोकानने एकदोनदा विचारलं.

"आणि लोक काय म्हणतील, बापा? पोराने पैसे पाठवणं बंद केलं म्हणतील." मूल झाल्यापासून ती नवऱ्याला बापा म्हणायची, आणि तो तिला इना, म्हणजे आई.

तोकान भांडणारा माणूस नव्हता. तो मुकाट्याने उठला आणि जिथे ज्वारी शिजत होती तिथे जाऊन बसला. शेजारच्या केवाकडे. केवा विधवा, सोमीच्याच वयाची, पण काठीसारखी ताठ, आणि दात सगळे जिथल्या तिथे. जन्मभर ती ज्वारीच खात आली होती.

झऱ्यावर बायकांना विषयच मिळाला.

"सोमी, तुझी चूल विझली का गं?"

"का?"

"नाही, आमा तोकान सकाळी तोंड पुसत केवाच्या अंगणातून निघतात, म्हणून विचारलं."

"ज्वारी खायला जातात. नर्सबाईंनी सांगितलंय."

"हो का! ज्वारीच ना?" आणि घागरी बाजूला ठेवून सगळ्या हसल्या.

त्या दिवसापासून सोमीचं घरात लक्ष लागेना. सकाळी ती बांबूच्या भिंतीच्या फटीला डोळा लावून उभी राहायची. केवा वाडग्यात तपकिरी रंगाचा ढीग वाढायची, वर शेवग्याचा पाला, सुकी मासळी. एकदा तिने तोकानच्या वाडग्यात स्वतःच्या हाताने लिंबू पिळलं. दुसऱ्या दिवशी तोकान कशाला तरी मोठ्याने हसला. तो असा हसतो हे सोमी विसरूनच गेली होती. ज्वारीचं दुःख नव्हतं. ज्वारी काय, कुणीही खावी. पण हसायचं होतं तर घरी हसायचं.

मग तिने ठरवलं, की आपणही ज्वारी करायची, आणि केवाने बघत राहावी अशी करायची. खालच्या बाजारातून तिने ज्वारी आणली. कित्येक वर्षांनी मुसळ हातात धरलं. एकदा कांडून, पाखडून बघितलं, तर दाणा तपकिरीच. केवासारखाच. ते तिला सहन होईना. पुन्हा कांडलं, पुन्हा पाखडलं, असं करत करत दाणा मोत्यासारखा पांढरा होईपर्यंत सडत राहिली. हाताला फोड आले. कोंडा सगळा डुकरांच्या पुढ्यात गेला.

"अरे वा!" तोकान पहिल्या घासाला म्हणाला. "हा तर भातच वाटतोय!"

सोमीला धन्य वाटलं. तो घरी जेवू लागला. झऱ्यावर ती मान वर करून जाऊ लागली.

मग नर्सबाईंनी पुन्हा रक्त तपासलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "आमा, चोरून भात खाता का?"

"ज्वारी खातात हो!" सोमी फणकारली. "माझ्या हातची!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तोकान चप्पल घालू लागला.

"कुठे?"

"केवाकडे. रागावू नकोस, इना. तिथली खाल्ली की अंग हलकं वाटतं."

आता मात्र सोमीचं डोकं फिरलं. तो जेवून शेताकडे वळेपर्यंत ती कशीबशी थांबली आणि कुंपणातून तशीच केवाच्या अंगणात घुसली.

"काय घालतेस गं त्यांच्या वाडग्यात? मुळी की मंत्र?"

केवा भांडी घासत होती. तिने सोमीच्या हातावरचे फोड बघितले आणि हसायलाच लागली. "मूग घालते. पाणी घालते. तुझी डुकरं बघ जरा, कशी तुकतुकीत झालीत! खरी ज्वारी तर ती खातात. नवऱ्याला राहिलेला नुसता पिठाळ दाणा देतेस."

"म्हणजे?"

"अगं, एवढी सडतात का? धूळ निघाली की पुरे. रात्री भिजत घालायची, सकाळी मुगाबरोबर मऊ होईपर्यंत शिजवायची. तपकिरीच राहणार ती."

"तुझ्या कानावर रोज माझ्या मुसळाचा आवाज येत होता. सांगायचं होतंस ना!"

केवाचं हसू थांबलं. "का सांगू? इतकी वर्षं तुझ्या चुलीवरच्या भाताचा वास या अंगणात येतोय. कधी म्हणालीस, केवा, ये, दोन घास खा? भाताच्या वासावर मी माझी ज्वारी गिळलीय, सोमी. आमा तोकान यायला लागले तेव्हा मीच म्हटलं, बघू दे आता हिला फटीतून."

आपण फटीतून बघतो हे हिला माहीत होतं, याची सोमीला लाज वाटली. पण घरी येताना छातीतली आग निवल्यासारखी वाटत होती. आपल्यावरूनही कुणीतरी इतकी वर्षं जळत होतं! भाताचं एक वाडगं केवाला द्यावं, असं तिच्या मनात आलं. त्या दिवशी तरी तिने ते दिलं नाही.

तिने ज्वारी भिजत घातली. सकाळी शिजवली, ती तपकिरी, चिकट, तिच्या मते दिसायला अगदीच गरीब. तोकान खाली बसून सावकाश चावत राहिला.

"केवासारखी झालीय?"

"जरा चावावी लागते."

"मी काय विचारलं, बापा?"

तोकानने घास गिळला आणि बायकोकडे बघून थोडा विचार केला. "मी आता रोज घरीच जेवणार."

विचारलं होतं त्याचं हे उत्तर नव्हतं, आणि सोमीला ते कळलं. तिने पळी उचलली आणि त्याच्या वाडग्यात आणखी वाढलं.