हिरव्या संत्र्याचं भांडण

पांढुर्ण्याच्या रघुनाथरावांनी आयुष्यात संत्र्याची एकही पेटी वरून उघडून घेतली नाही. तिगावपासून सौंसरपर्यंतचे बागवान त्यांना ओळखून होते. पेटी उलटी करायची, तळाची फळी काढायची आणि खालच्या थरातलं फळ हातात घ्यायचं. वरचा थर गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठीच भरलेला असतो, हे त्यांचं पक्कं मत. व्यापार थांबला तरी सवय सुटली नाही.

सून तृप्ती सौंसरच्या दवाखान्यात नोकरीला, मुलगा वीरेंद्र नागपुरात, रविवारी यायचा. चार वर्षांची नात दामिनी दिवसभर आजोबांजवळ, तिच्या आबाजींजवळ. शाळेआधी तिला रंग, आकडे कळावेत म्हणून तृप्तीनं जुन्या मोबाइलवर दामिनीचं नाव-वय आणि आपला नंबर घालून शिकवणारे चार खेळ टाकले. पाहून त्यातला एक ठेवायचा, असं ठरलं. पाहण्याचं काम रघुनाथरावांनी मागून घेतलं. दुपारी नात झोपली की ते चष्मा लावून मोबाइल घेऊन बसत.

पहिल्या खेळानं सुरुवातीलाच घरातला आवाज ऐकायची परवानगी मागितली. आकडे शिकवणाऱ्याला आपल्या घरचं बोलणं कशाला हवं? तो गेला. दुसऱ्यात दर दोन अक्षरांनंतर चॉकलेटची जाहिरात. तोही गेला. तिसरा बरा वाटला, म्हणून त्यांनी मुद्दाम हत्तीला मांजर म्हणून बोट लावलं. खेळानं टाळ्या वाजवल्या. उंटाला कोंबडी केलं, तरी टाळ्या. असा शाबासकी वाटणारा माणूस बाजारात भेटला असता, तर रघुनाथरावांनी आधी आपला खिसा चाचपला असता.

उरला चौथा. त्यात पिकलेली फळं एका टोपलीत आणि कच्ची दुसरीत टाकायची होती. ते थेट शेवटच्या पायऱ्यांवर गेले. तिथं हिरवा संत्रा आला. त्यांनी तो पिकलेल्यात टाकला. खेळ गोड आवाजात म्हणाला, चुकलं. त्यांनी पुन्हा तिथंच टाकला. आंबिया बहाराचा, म्हणजे दिवाळीच्या सुमारास उतरणारा संत्रा वरून हिरवा असला तरी आतून गोड असतो, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. दोघंही हटेनात. तरी रघुनाथरावांनी तो खेळ काढला नाही. हट्टी होता, पण तोंडदेखलं गोड बोलणारा नव्हता. ठेवला, पण नजरेखाली.

पुढच्या रविवारी वीरेंद्र आला तेव्हा पलंगावर दामिनीच्या कपड्यांची बॅग भरलेली दिसली. तृप्तीच्या मोबाइलवर त्या खेळाकडून निरोप आला होता. मूल वयाच्या मानानं मागं आहे, समजावूनही तीच चूक करतं, आमच्या तज्ज्ञांशी बोला. तृप्ती आठवडाभर आतल्या आत झुरत होती. आता पोरीला नागपूरला आपल्या आईकडे ठेवायचं, तिथं अशा मुलांसाठी वर्ग आहेत, असं तिनं ठरवलं होतं. वीरेंद्र मान खाली घालून बसला.

रघुनाथरावांना लगेच लबाडीचा वास आला. आधी घाबरवायचं, मग तज्ज्ञ गळ्यात मारायचा. पेटीचा खालचा थर निघाला तर, असं ते बोलूनही गेले.

"मामाजी, तुमाले सगळ्यातच लबाडी दिसते," तृप्ती म्हणाली. "हे पाहा ना, हिरवा संत्रा पिकलेल्यात टाकून राहिली ते. कितीदा."

रघुनाथरावांनी निरोपावर नजर फिरवली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सुनेसमोर आजवर त्यांनी आपली चूक कबूल केली नव्हती. बॅगेच्या तोंडाशी दामिनीचा पिवळा फ्रॉक दिसत होता.

"थो दामिनीनं नाही टाकला," ते म्हणाले. "मी टाकला. दुपारी मीच खेळून राहिलो होतो."

तृप्तीनं त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "पोरगी जाऊ नये म्हणून सांगून राहिले ना तुमी?"

आयुष्यभर दुसऱ्यावर शंका घेतलेल्या माणसाला आपलं खरं कसं पटवावं ते सुचेना. शेवटी त्यांनी मोबाइल ओढला, खेळ उघडला आणि हिरवा संत्रा पिकलेल्या टोपलीत टाकला. चुकलं. पुन्हा टाकला. चुकलं. त्यांचे कान तांबडे झाले. "पाह्य, ऐकतच नाही हा," ते पुटपुटले, आणि समोर कोण बसलंय ते विसरून पुन्हा बोट नेलं.

दामिनी त्यांच्या खांद्यावरून डोकावत होती.

"आबाजी, याच्यात कच्च्यातच टाका लागते," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "याले नाही समजत. घरचा आपण खाऊन घेऊ."

वीरेंद्रला हसू आवरेना. तृप्ती उठली. तिनं फ्रॉक बॅगेतून काढला आणि खुंटीला लावला.

संध्याकाळी तिनं सासऱ्यांसाठी त्या खेळात वेगळं खातं उघडून दिलं. वयाच्या जागी आकडे सहापर्यंतच होते. तिनं सहा लावलं.

रघुनाथरावांनी चष्मा सावरून तो आकडा पाहिला.

"सहाच्या वरचे लोक याले काहून नाही पाह्यजेत?" त्यांनी विचारलं आणि मोबाइल उलटा करून पाहिला.