देवीला बोललेले केस

आमच्या बँडचा गायक मी. ग्लॅम मेटल म्हणतात त्या गाण्याला. चकचकीत घट्ट पँट, डोळ्यांत काजळ, पाठभर केस आणि कानठळ्या बसवणारी गिटार. गाव देवळाली प्रवराजवळ, चहूकडे ऊस. असल्या गावातून असला धंदा करायला निघालेला माणूस एकतर येडा असतो, नाहीतर हट्टी. मी दोन्ही होतो.

केसांशिवाय या गाण्यात गायक उभाच राहत नाही, हे आधीच सांगतो. नुसता आवाज असून भागत नाही. मान झटकली की केस उडाले पाहिजेत, तेव्हा कुठे समोरची पोरं उड्या मारतात. डोकं भादरलेल्या माणसाला कोण बघायला येतंय!

गावाला हे पटायचं कसं? पारावर कुणी म्हणे नाच्या आला, कुणी म्हणे पोरगी आली. एकदा चुलत्यांनी दारात येऊन आईला सुनावलं, "वैनी, लाज काढली ह्यानं आपली." आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "देवीचे केस हायेत ते. बापाचा लकवा बरा व्हावा म्हनून बोललाय त्यो. बोट लावू नका."

वडिलांना लकवा झाला होता हे खरं, पण नवसबिवस माझ्या स्वप्नातही नव्हता. चुलते गेल्यावर मला हसू फुटलं, तर आईनं लाटणं उगारलं. "दात काढू नगंस. गायचंय ना तुला? मग गप."

पारावरची तोंडं मिटली. उलट बायाबापड्या कौतुकानं बघायला लागल्या. दर रविवारी आई मला अंगणात बसवून शिकेकाईनं न्हाऊ घालायची, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. वडिलांनाही तिनं खरं सांगितलं नाही. ते काठी टेकत चालायला लागले आणि भेटेल त्याला सांगत सुटले, "पोराच्या नवसानं उठलो." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पण बाप उठला म्हणजे नवस फेडायला नको? तो तगादा सुरू झाला. आई प्रत्येक यात्रेला नवी सबब काढायची. कधी सुतक, कधी पाहुण्यांचं लग्न, कधी माझा ताप. तेवढ्यात पुण्याच्या मोठ्या कार्यक्रमाला आम्हाला बोलावणं आलं. तोवर आम्ही कॉलेजची गॅदरिंगंच गाजवलेली. आणि नेमका त्याच आठवड्यात वडिलांना पुन्हा लकव्याचा झटका आला. श्रीरामपूरच्या दवाखान्यात चुलते सगळ्यांदेखत म्हणाले, "देवीचं ठिवून घेतलं, आता भोगा." आईनं बसल्या जागी देवीला हात जोडले. वडील मात्र वाकड्या तोंडानं म्हणाले, "गाऊन ये तू. देवी काय पळून चालली व्हय?"

मी गेलो. आणि खोटं कशाला बोलू, आयुष्यात तसा कधी गायलो नव्हतो. परत येऊन वडिलांना मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. "लई वरडतोस," म्हणाले, आणि पुन्हा लाव म्हणाले. त्याच आठवड्यात ते गेले.

दहाव्याला प्रवरेच्या घाटावर मी न्हाव्यापुढे बसलो. बापाच्या दहाव्याला पोराचं डोकं उतरवतात, त्यात बोलण्यासारखं काही नसतं. पण न्हाव्यानं केस हातात घेतले आणि वस्तरा खाली ठेवला. "हे देवीचे. सुतकात, घाटावर कसे उतरवू? मला पाप लागंल."

मंडळी कुजबुजायला लागली. कुणी म्हणे देवीची माफी मागून कापा, कुणी म्हणे एक बट तिच्यासाठी ठेवा. तेवढ्यात बायकांमधून आई उठली.

"काप रं बाबा. नवस न्हवताच. मी खोटं बोलले. देवीच्या नावानं खोटं बोलले, म्हनून तिनं माझा मालक नेला." आणि ती कपाळ बडवून घ्यायला लागली.

मला ते बघवेना. पोराला गाता यावं म्हणून बोललेलं एक खोटं, ते ही बाई आता मरेपर्यंत उरावर वागवणार! मी उठून तिचे हात धरले आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं ओरडलो, "नवस व्हता! तू सांगायच्या आधीच मी मनात बोललो व्हतो. तू खोटं बोलली न्हाईस, आई."

ती रडायची थांबली. मला वाटलं, सुटली बिचारी.

"मग फेडला का न्हाईस रं?" ती म्हणाली.

मी परत न्हाव्यापुढे जाऊन बसलो.

आता खरं सांगितलं तर ती स्वतःला माफ करणार नाही, आणि नाही सांगितलं तर मला. मी गप्प आहे. केस पुन्हा खांद्यापर्यंत आलेत, बँडवाले फोन करतात. रविवारी मी माझं माझं डोकं धुतो.