पाणपोईचा अर्ज

कादर आणि मी भेटलो की घरातली मंडळी हळूच उठून आत जातात. कारण त्यांना माहीत असतं, चहा यायच्या आत दगडूचं नाव निघणार आणि मग जेवणवेळेपर्यंत कुणाला दुसरा विषय काढता यायचा नाही. किस्से आम्ही जमवले नाहीत हो! सरकारदरबारी एक साधं काम न्या, किस्से आपोआप साठत जातात. आमचं काम तर फारच साधं होतं. तहानलेल्याला पाणी पाजायचं, एवढंच. पण ते निजामाच्या राज्यात, लोकल फंडाच्या मदतीने!

आम्ही तेव्हा बीडच्या शाळेत वरच्या वर्गात होतो. पालीकडून बीडच्या बाजाराला येणाऱ्या रस्त्यावर उन्हाळ्यात घोटभर पाणी मिळत नसे. डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बाया वाटेत भोवळ येऊन पडायच्या. त्यातल्या एकीला आमच्या दगडूने पाठीवर घेऊन गावात आणलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन तो म्हणाला, "पाणपोई घालायची. कोन कोन हाय?"

दगडू पाटोद्याकडचा. अंगाने आडवा, बोलायला त्याहून आडवा. त्याला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. असं आमचं 'विद्यार्थी सेवा मंडळ' निघालं. दगडू प्रेसिडेंट, मी सेक्रेटरी आणि ज्याचं उर्दू अक्षर मोत्यासारखं होतं तो कादर लेखनिक!

हेडमास्तर म्हणाले, "लोकल फंडातून विद्यार्थ्यांच्या अशा कामाला थोडी मदत मिळते. तहसीलदारसाहेबांना अर्ज करा. अदबीने करा."

तेवढा 'अदबीने' हा शब्द त्यांनी उच्चारायला नको होता.

*

अर्ज उर्दूतच करावा लागे. कादर चार दिवस घरात बसून लिहीत होता. अर्ज हातात आला तेव्हा आम्ही थक्कच झालो. काय ते अक्षर! काय त्या वेलबुट्ट्या! साहेबांच्या न्यायाला, दयेला, घराण्याला, आयुष्याला, सगळ्याला दुआ दिलेली होती. खाली आम्हा तिघांच्या सह्या.

आठवड्याने अर्ज परत आला. मागे साहेबांच्या हातचा शेरा होता. हेडमास्तरांनी तो मोठ्याने वाचला, "दुआएँ पहुँचीं, शुक्रिया। मगर चाहिए क्या?"

पाणपोईचा उल्लेख करायचा राहूनच गेला होता!

दगडू कादरवर धावून गेला. "चार दिवस काय लिवीत व्हता बे?"

कादर अगदी शांतपणे म्हणाला, "मागणं लिहायला जागाच उरली नाही. आणि दुआ खोडून मागणं लिहायचं म्हणजे बरं दिसतं का?"

*

दुसरा अर्ज पोचला आणि आम्हाला बोलावणं आलं. पदाधिकाऱ्यांनी एकेकाने समक्ष येऊन ओळख द्यावी म्हणे. आता आली पंचाईत. कचेरीत जायचं तर डोक्याला टोपी हवी आणि अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेली शेरवानी. टोप्या मिळाल्या. शेरवानी मात्र तिघांत मिळून एकच, कादरच्या थोरल्या भावाची.

मग काय, कचेरीबाहेरच्या लिंबाच्या झाडाआड आमची ड्रेसिंग रूम! आधी कादर जाऊन आला. त्याच्या अंगातली काढून मी घातली. मी आलो, दगडूने घातली. म्हणजे आम्ही दोघांनी त्याला तिच्यात कोंबला. श्वास घ्यायचा नाही, फक्त सोडायचा, अशी ताकीद देऊन आत पाठवला.

कचेरीत पेशकार बसायचे. साहेबांच्या समोर कागद ठेवणारे ते हेच. हा माणूस हसलेला कुणी पाहिला नव्हता. त्यांनी दगडूच्या बाहीकडे पाहिलं. बाहीवर शाईचा मोठा डाग होता.

"तिघांच्याही बाहीवर एकाच जागी शाईचा डाग कसा?" त्यांनी विचारलं.

दगडूने, मोठ्या कष्टाने श्वास सोडत, उत्तर दिलं, "एका बाकावर बसतो, साहेब!"

पेशकारांनी खाली मान घालून लिहायला घेतलं. त्यांचे खांदे हलत होते, असं दगडू आजन्म सांगत राहिला. आमचा काही त्यावर विश्वास बसला नाही.

*

'मंडळ' हा शब्द मात्र पोलिसांना खुपला. चार पोरं एकत्र बसतात म्हणजे काहीतरी शिजतंय! आमच्या मीटिंगा बिंदुसरा नदीच्या वाळूत भरायच्या. तिथे एक जवान येऊन बसू लागला. काम एकच, ऐकायचं आणि ठाण्यावर सांगायचं.

पहिल्या दिवशी तो दूर बसला. दुसऱ्या दिवशी जरा जवळ सरकला. आमचा वाद चालला होता रांजण कुठे मांडायचे याचा. मी म्हणत होतो वडाखाली, कादर म्हणत होता वळणावर. जवान बराच वेळ चुळबुळत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"वळणावर कावून? तिथं दुपारी सावली फिरती. वडाखालीच मांडा!"

ठराव एकमताने पास झाला.

पुढच्या आठवड्यात परीक्षेमुळे मीटिंग रद्द केली. दुसऱ्या दिवशी जवान थेट शाळेच्या दारात! आता बेड्याच पडणार!

तो रागाने लाल झाला होता. "मीटिंग न्हाई तर सांगावा धाडायचा न्हाई का? उनात एकटाच बसून आलो की मी!"

*

लोकल फंडाची एक अट फार नामी होती. काम आधी सुरू झालेलं दिसलं पाहिजे, मग साहेब मुआयना करणार, म्हणजे जागेवर येऊन पाहणार आणि मग मंजुरी. आता मंजुरीशिवाय रांजण आणायचे कुठून?

जवळच्या गावचे एक देशमुख मदतीला धावले. माणूस दिलदार, पण नावाची भारी हौस. म्हणाले, "रांजण माझे. मात्र पोटावर माझं नाव ठळक रंगवायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलं पाहिजे."

रांजण आले. कादरने उर्दूत आणि मी मराठीत असं नाव रंगवलं की डोळ्यांचं पारणं फिटावं! मग दगडूने वडाखाली खड्डे खणले, रांजण ठेवले आणि पाणी गार राहावं म्हणून चहूबाजूंनी गळ्यापर्यंत ओली वाळू भरली. रांजण पुरायचेच असतात, हे तिघांनाही माहीत होतं. नाव रंगवताना मात्र एकालाही आठवलं नाही!

संध्याकाळी देशमुख घोड्यावरून आले. एक फेरी मारली. दुसरी मारली.

"नाव कुठाय माझं?"

कादर आणि मी वडामागे. दगडू एकटा पुढे झाला. "खाली हाय मालक. समद्या पाण्याला तुमच्या नावाचाच गारवा हाय!"

देशमुखांनी एक पेला पाणी मागून घेतलं. प्यायले. थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "हाय खरा!"

*

आता मुआयन्याचा दिवस.

पखालवाला रोज सकाळी बैलावरून पाण्याची एक कातडी पखाल आणून उधारीवर रांजणांत ओतायचा. त्याने आदल्या दिवशीच बजावलं होतं, "उद्या मंजुरी झाली तर परवा येईन. न्हाई झाली तर बैल दुसरीकडं लावतो." म्हणजे मंजुरी गेली की पाणपोई बंद. रस्ता पुन्हा कोरडा. दगडूला रात्री झोप लागली नव्हती.

साहेब सकाळी येणार होते. एक रांजण त्यांच्यासाठी वेगळा राखला. वाळा घातला, तोंडाला धुतलेलं फडकं बांधलं. "ह्याला हात न्हाई लावायचा. पैलं सायेब पितील," असं म्हणून दगडू काठी घेऊन तिथे बसला.

सकाळ गेली. साहेब नाहीत. दिवस नेमका बाजाराचा. ऊन चढलं तशी माणसं येत गेली, पीत गेली. दुपारी बाकीचे रांजण कोरडे पडले. वडाखाली आलेली माणसं फडक्याकडे बघायची, दगडूच्या काठीकडे बघायची आणि पुढे जायची. दगडू मान खाली घालून बसला होता. त्याचं ते तोंड मला बघवेना.

तेवढ्यात पालीकडून मोळीवाल्या बाया आल्या. त्यांतली एक काहीच बोलली नाही. पाणीसुद्धा मागितलं नाही. मोळी टाकली आणि नुसती खाली बसली.

दगडूने काठी ठेवली आणि फडकं सोडलं.

"अरे दगडू, साहेब!" कादर ओरडला.

"गप बे!" दगडू म्हणाला आणि तांब्या बुडवला. ती प्यायली. मग दुसरी. मग मागून आलेले गाडीवान, त्यांची पोरं. रांजणाच्या बुडाशी तांब्या खरवडल्याचा आवाज आला आणि त्याच वेळी वळणावर टांगा दिसला.

साहेब घामाने निथळत उतरले. रुमालाने मान पुसत म्हणाले, "पहले पानी पिलाओ, भई."

कुणी हललं नाही. पेशकार पुढे झाले, एकेका रांजणात वाकून पाहिलं आणि परत आले. "हुजूर, पाणपोई आहे. पाणी नाही."

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. दगडू पुढे आला. हातात रिकामा तांब्या तसाच होता.

"पाणी व्हतं, सायेब. तुमच्यासाठी राखून ठिवलं व्हतं. पर तहान आदी आली, आन तुमी मागून आलात."

साहेबांना मराठी चांगली कळायची. त्यांनी पदराने तोंड पुसणाऱ्या त्या बाईकडे पाहिलं, रांजणाभोवतीच्या ओल्या मातीकडे पाहिलं. कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

"लिखो," ते म्हणाले.

पेशकारांनी टांग्याच्या पायरीवर कागद धरला.

"मुआयना किया गया।"

"जी."

"पानी एक बूँद नहीं मिला।"

"जी हुजूर!"

"इसलिए मंज़ूर।"