दोन वॅट आणि आईचा अबोला

सोलापूर स्टेशनवर गाडी हलली तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. खिडकीचा गज धरून ती गाडीबरोबर चालत होती आणि सांगत होती, "तार उंच बांध. आणि झाडाला नको, झाड हलतं." मागून बाबा म्हणाले, "अगं, तिला जेवणखाणाचं काहीतरी सांग." पण तोवर फलाट संपला.

समोरच्या काकूंनी माझ्या मांडीवरचा पत्र्याचा डबा पाहून विचारलं, "लाडू का?" मी म्हटलं, "ट्रान्समीटर." त्या वाडी जंक्शनपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

देश खुला झालाय असं तेव्हा वर्तमानपत्रं रोज छापत होती. आमच्यापुरता त्याचा अर्थ एवढाच, की हैदराबादजवळच्या कुकटपल्लीत टेलिफोनचे सुटे भाग करणारी एक नवी कंपनी निघाली होती आणि तिथे मला नोकरी लागली होती. तुमच्यापैकी बरेच जण त्याच सुमाराला कुठे ना कुठे निघालात, आणि बाकीचे आम्हाला पोचवायला स्टेशनवर आलात. तुम्हाला दोघांनाही हे सांगायचंय.

आई शाळेत विज्ञान शिकवायची. शाळेत एकदा हॅम रेडिओचा वर्ग झाला. हॅम म्हणजे परवाना काढून हौसेनं बिनतारी संदेश पाठवणारे लोक. आठवड्याभरात मुलं पांगली. आई आणि मी तेवढ्या टिकलो. दोघींनी परीक्षा दिली, दोघींना परवाने मिळाले आणि आईनं दोन सारखे ट्रान्समीटर जुळवले. ताकद दोन वॅट, म्हणजे बॅटरीच्या दिव्याएवढी. त्यावर बोलता येत नाही, फक्त मोर्सची टिंबं आणि रेघा वाजवता येतात. बाबा म्हणायचे, "देवानं तोंड दिलंय, ते वापरा की."

कुकटपल्लीत मला गच्चीवरची खोली मिळाली. घरमालकीण सावित्रम्मा घरात तेलुगू बोलायच्या आणि माझ्याशी दखनी. मी एरियलची तार बांधताना त्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "नौकरी कू आए तुम, या जासूसी कू?" मी म्हटलं, आईशी बोलायला आहे, आणि फुकट आहे. हे त्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी तारेवर त्यांच्या दोन ओल्या साड्या वाळत होत्या. "खाली पडी थी ना," त्या म्हणाल्या, म्हणजे रिकामीच होती. त्या सकाळी मी आईला ऐकूच गेले नाही. पुढच्या सकाळी तिनं कारण विचारलं तेव्हा मी मोर्समध्ये 'साडी' असं कळवलं, आणि तिनं मला ते तीनदा पुन्हा पाठवायला लावलं.

आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारची, आईला रविवारची. संध्याकाळी आमच्या पट्ट्यावर परदेशी रेडिओ केंद्रांचा गोंगाट. त्यामुळे बोलणं व्हायचं ते सकाळी, कामाला निघण्याआधी. पावसाळाभर छान चाललं. मग थंडी पडली.

लघुलहरी वर जातात, आकाशातल्या एका थरावर आपटतात आणि खाली येतात. उन्हानं तो थर दाट झाला, की जवळचं गाव ऐकू येतं. थंडीत सकाळी तो विरळ असतो, मग लहरी जवळ न पडता लांब जाऊन उतरतात. त्यात ती वर्षं सूर्यावर डाग नसण्याची, म्हणजे थर आणखीच अशक्त. सोलापूर ऐकू येईनासं झालं, आणि कलकत्ता मात्र शेजारच्या खोलीत असल्यासारखं ऐकू यायला लागलं.

कलकत्त्यात सेनबाबू होते, निवृत्त आणि दुसरं काही काम नसलेले. त्यांना आई ऐकू यायची आणि मीही. त्यांनी आपणहून आमचं टपाल पोचवायला घेतलं. मराठी त्यांना येत नव्हतं. रोमन अक्षरं जशी येतील तशी ते पुढे पाठवायचे. जानेवारीत एका सकाळी त्यांच्याकडून आलं: MULA YETOY GURUVARI.

मुळा येतोय, गुरुवारी. आईनं परसात मुळे लावले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर ती भाजी धाडायचीच. मी सावित्रम्मांना अर्धे मुळे कबूल करून टाकले.

गुरुवारी दार वाजलं तेव्हा मी तारेचं टोक सोडवत होते. डोक्याला तेल, अंगात जुना कुर्ता. दारात एक वयस्क गृहस्थ आणि एक तरुण. मी म्हटलं, "मुळा आणलात ना? द्या इकडे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गृहस्थ जरा सावरून तरुणाकडे हात करत म्हणाले, "हा प्रसाद."

मी उजवा हात पुढे केला.

निरोपातलं एक G वाटेत गळालं आहे, हे कळायला मला त्यानंतर बराच वेळ लागला. मुलगा येणार होता, मुळा नव्हे. गृहस्थ त्याचे मामा, अंबरपेठेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले. "बसून घ्या म्हणा की आम्हाला, कायकू उभं ठेवताय," ते हसून म्हणाले, आणि मला ते तिथल्या तिथे आवडले. प्रसादही वाईट नव्हता. कॉम्प्युटरच्या कामावर अमेरिकेला निघाला होता. त्यानं तारेबद्दल सगळं विचारून घेतलं आणि शेवटी समजावणीच्या सुरात म्हणाला, "तिकडे हे लागणार नाही तुम्हाला. तिकडे फोन स्वस्त आहे."

रात्रभर विचार केला. घर सोडणं मला एकदा जमलं होतं, माझं मी. ते अंगाला नीट बसायच्या आत पुन्हा, कुणाच्या तरी मागून, सोडायचं नव्हतं. सकाळी सेनबाबूंना दिलं: मुलगा चांगला. नको. मी इथेच राहते.

हॅमच्या नियमात पोस्टातून तार करण्याइतकं महत्त्व नसलेल्या घरगुती गोष्टीच बोलायला परवानगी असते. हे त्यात बसतं की नाही, याची मला तेव्हा खरोखर शंका आली. सेनबाबूंनी बहुधा अर्थ ओळखला. थोड्या वेळानं त्यांनी कळवलं: पोचलं. उत्तर नाही.

त्यानंतर आई गायब झाली. दोनच दिवसांत सेनबाबूही. मी रोज सकाळी हाक मारत होते. मॉस्कोजवळच्या एकानं माझ्या दोन वॅटचं तोंड भरून कौतुक केलं. सोलापूर गप्प. ही थंडी आहे की आई, हे कळायला काही मार्ग नव्हता.

"फोन करो ना," सावित्रम्मा म्हणाल्या. पण आमच्या घरी फोन नव्हता. शेजारी करायचा तर अख्ख्या गल्लीला कळणार. आणि खरं सांगायचं तर, तिनं आधी हाक मारावी असं मला वाटत होतं.

शेवटी फोन आला तो सावित्रम्मांकडे, बाबांचा, एसटीडी बूथवरून. मी जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरले.

"काय चाललंय तुझं?" बाबा म्हणाले. "ती रोज उठून कट्टकट्ट करत बसते. शेजारी विचारतात, टायपिंग शिकताय का. तू उत्तर देत नाहीस. न विचारता मुलगा पाठवला म्हणून तू चिडलीस, असं धरून बसलीय ती."

"मला वाटलं, ती चिडलीय."

"चिडली होती चार दिवस. मग ओसरलं. ओसरलंय हे सांगायलाच तर बसते ती." मग त्यांनी विचारलं, "आणि ते तुमचे कलकत्तेवाले?"

"त्यांचाही पत्ता नाही."

"परवाने तुम्हा दोघींकडे, आणि निरोप मी पोचवतोय. येत्या गुरुवारी ती रजा काढतेय. दुपारी ऊन असताना बस. ठेवतो आता, इथलं मीटर पळतंय."

सेनबाबू मुलीच्या बाळंतपणाला गेले होते, हे पुढे कळलं. नात झाली.

गुरुवारी भर दुपारी आईची खूण ऐकू आली. तिचा हात मी झोपेतही ओळखला असता. रेघ जरा लांबवायची ती, फळ्यावर लिहिताना शेवटचं अक्षर लांबवायची तशी. मला वाटलं, आता मुलाचं निघणार. पण अनोळखी हॅम पहिल्यांदा भेटल्यावर ठरल्या क्रमानं विचारतात, तसं तिनं विचारायला सुरुवात केली. आवाज कसा येतोय. हवा कशी आहे. मग: तुमचं ठिकाण?

हा प्रश्न आम्ही एकमेकींना कधीच विचारला नव्हता. मग मी सावकाश, एकेक अक्षर सुटं करत पाठवलं: हैदराबाद.

मग आईनं कळवलं, नीट ऐकू आलं. आणि मी जेवले का, ते विचारलं.

पुढे इथेच संसार झाला. बाबा गेले. आई अजून सोलापुरात आहे, आणि आम्हा दोघींकडे मोबाईल आहेत. सोलापूरला गेले की गल्लीतले लोक विचारतात, "घरी परत कधी?" इथे परतले की सावित्रम्मांची सून विचारते, "घर जाके आए क्या?" त्यांना मी सरळ वार सांगून टाकते, हिला नुसतं 'हो' म्हणते. कुठलं घर, असं अजून कुणी उलट विचारलेलं नाही.